शिशाचे कपडे

लग्न होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा आम्ही धुळ्याकडचं गाव सोडून सिल्वासाला आलो. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. इथे कारखान्यांना कर माफ होता, म्हणून मुंबईचे शेठ एकामागून एक शेड टाकत होते आणि सारखं कुणी ना कुणी खानदेशातून पत्र्याची पेटी घेऊन उतरत होतं. आमच्या यांना सामरवरणीच्या पुढच्या एका कारखान्यात काम लागलं. तिथे ट्रक भरभरून जुन्या बॅटऱ्या यायच्या. त्या फोडायच्या, आतल्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या आणि शिशाच्या विटा ओतायच्या. हे भट्टीवर होते.

चाळीत आम्हाला एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत सुरंगीकडची एक वारली बाई होती. तिचा नवराही त्याच भट्टीवर. तिची न् माझी भाषा वेगळी, तरी पहिल्या महिन्यातच गट्टी जमली. ती मला ‘बाय’ म्हणायची, मी तिला ‘अक्का’.

हे कामावरून यायचे ते पार राखाडी होऊन. भुवया, कानाच्या पाळ्या, नखं, सगळीकडे ती बारीक धूळ. कपडे तसेच मोरीत घातले तर पाण्याचा चिखल व्हायचा. म्हणून मी दारात उभी राहून शर्ट दोन्ही हातांनी धरायची आणि जोरानं झटकायची. सगळ्या चाळीतल्या बायका तसंच करायच्या. संध्याकाळी दारादारातून फटाफट आवाज यायचा. माझी लेक तेव्हा रांगत होती. मी झटकत असले की ती पायांत यायची, फरशीवर पडलेल्या धुळीवर तळवे आपटायची आणि बोटं चोखायची. मी हसायची. आई कामात आहे म्हणजे लेकराला तिथंच यायचं असतं, त्यात काय.

यांनी एकदा मॅनेजर साहेबांना विचारलं होतं. साहेब पुण्याचे, तिशीतले, बोलायला गोड. ते म्हणाले, “अरे, धूळच आहे. अंघोळ केली की गेली. वर गूळ खा, केळं खा, काही होत नाही.” कारखान्यातून रोज प्रत्येकाला गुळाचा खडा आणि केळं मिळायचं. हे गूळ तिथंच खायचे. केळं मात्र खिशात घालून लेकीसाठी आणायचे. दारातूनच हाक मारायचे आणि स्वतःच्या हातानं सोलून तिला भरवायचे. त्या हातांवर काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लेक चालायला लागली तेव्हा मी साहेबांच्या बंगल्यावर धुण्याभांड्याचं काम धरलं. वहिनी चांगल्या होत्या. त्यांनाही मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा थोडी लहान. मी फरशी पुसत असले की त्या विचारायच्या, “तुमची काय काय बोलते?” मी सांगायची: आई म्हणते, बाबा म्हणते, भूभू म्हणते. त्या म्हणायच्या, “आमची अजून नुसती ‘दे’ म्हणते.” मला तेव्हा जरा अभिमान वाटायचा.

मग यांचं पोट दुखायला लागलं. साधंसुधं दुखणं नव्हे. गुडघे पोटाशी घेऊन हा एवढा मोठा माणूस जमिनीवर लोळायचा. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंडाला सारखी गोडसर, लोखंड चाटल्यासारखी चव. चेहरा पांढराफटक. शांत माणूस होता, पण मीठ कमी पडलं म्हणून एक दिवस ताट भिंतीवर फेकलं आणि नंतर स्वतःच रडायला बसला.

कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा कारखान्यात यायचे. त्यांनी यांना खालीवर पाहिलं आणि विचारलं, “रोज किती घेतोस?”

हे म्हणाले, “साहेब, मी घेत नाही.”

“सगळे असंच म्हणतात. सिल्वासात राहून घेत नाही होय? बंद कर, पोट आपोआप बरं होईल.”

इथे दारू स्वस्त. पलीकडे गुजरातेत बंदी, त्यामुळे लोक हद्द ओलांडून प्यायला इकडे येत. पण आमच्या घरात बाटली कधी आली नव्हती. सासरे माळकरी, हे त्यांच्याच वळणाचे. तो शिक्का यांच्या फार जिव्हारी लागला. पुढे हाताचा पंजा मनगटापासून खाली लोंबायला लागला, घास उचलता येईना, तरी डॉक्टरांकडे जायला तयार होत नव्हते. म्हणायचे, “परत दारुड्या म्हणेल.”

त्याच पावसाळ्यात लेक बोलायची थांबली. आधी भूभू गेला, मग बाबा. हाक मारली तर बघायची नाही. अंगणातली माती खायची, ओकायची. एका दुपारी तिला झटका आला. डोळे पांढरे, दात घट्ट, अंग लाकडासारखं. अक्का चमच्यानं तिचे दात उघडत होती आणि मी नुसती ओरडत होते. इथल्या सरकारी दवाखान्यात म्हणाले, ताप मेंदूत गेला असेल, मुंबईला न्या. वापीहून गाडी धरली आणि मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लेकीला तपासलं, मग एकदम यांच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही ओठ वर करा बघू.” यांनी ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेनं, जिथून दात निघतात तिथे, निळी-काळी रेघ होती. पेन्सिलीनं ओढावी तशी. मी या माणसाशी संसार करत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती.

“कुठे काम करता?”

यांनी सांगितलं.

“कामाचे कपडे कुठे धुता?”

“घरी,” मी म्हटलं. “मी धुते.”

“धुण्याआधी झटकता?”

मी मान डोलावली.  मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. शिसं आहे ते. श्वासातून जातं, हातातून तोंडात जातं. मोठ्या माणसाच्या पोटाला, नसांना धरतं. लहान मुलांच्या मेंदूला धरतं. रक्तातून काढायची इंजेक्शनं आहेत, ती देऊ. पण मेंदूचं जे गेलं, त्यातलं किती परत येईल ते सांगता येत नाही.

लेकीला तिथे रोज मांडीत इंजेक्शन द्यायचे. ती रडायची तेव्हा मी तिचे पाय धरून ठेवायची. माझ्या हातांकडे बघवत नव्हतं. याच हातांनी मी शर्ट झटकले होते. पण त्या वॉर्डात बसल्या-बसल्या एक दिवस माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला. साहेबसुद्धा रोज त्या शेडमध्ये जातात. मग त्यांचे कपडे?

मी आठवून पाहिलं. वहिनींची पातळं, मुलीची झबली, साहेबांचे घरातले पायजमे, बाहेरचे पांढरे शर्ट, सगळं मीच धूत होते. पण कारखान्याचा राखाडी डगला त्या घरच्या धुण्यात मी एकदाही पाहिला नव्हता. कारखान्यातले बूटही नाहीत. साहेब घरी यायचे ते ओले केस विंचरून, पायांत चपला. मी समजायची, साहेब लोक टापटिपीचे असतात. आता कळलं. ते तिथंच अंघोळ करत होते, कपडे तिथंच ठेवत होते आणि मगच स्वतःच्या मुलीला उचलत होते.

त्यांना माहीत होतं.

त्या क्षणी माझं रडणं थांबलं. त्यानंतर इस्पितळात मी परत रडले नाही.

सिल्वासाला परत आलो तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात यांचे शेवटचे न धुतलेले कपडे गाठोड्यात बांधलेले होते. ते गाठोडं मी पिशवीत घातलं आणि सकाळी बंगल्यावर कामाला गेले. ठरवलं होतं की साहेबांच्या घरात, त्यांच्या मुलीच्या पाळण्यापाशी ते झटकायचे. जे माझ्या घरी झालं ते त्यांच्या घरी होऊ दे. पिशवी मोरीत ठेवली. मुलगी दुडदुडत आली आणि माझ्या पदराला धरून म्हणाली, “मावशी, दे.” मी पिशवी तशीच परत नेली. दुसऱ्या दिवशीही नेली आणि परत आणली. तिसऱ्या दिवशी ते कपडे मी गावाबाहेर खड्ड्यात पुरले. त्या पोरीचं मला काही घ्यायचं नव्हतं. मला साहेबांचं तोंड उघडं पाडायचं होतं, आणि तेही चारचौघांत.

यांचा दुसरा जोड स्वच्छ धुतलेला होता. अंघोळीचं पाणी तापवायला दाराबाहेर चूल होती. तिची राख मी लुगड्याच्या फडक्यातून गाळली, वस्त्रगाळ केली आणि त्या शर्टाच्या-पॅन्टच्या घडीघडीत भरली. अगदी भट्टीवरून आल्यासारखे कपडे दिसायला लागले. अक्का बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाय, आन् त्यो घाबरला नाय तर?”

“नाही घाबरला तर त्याला खरंच माहीत नव्हतं. मग मी त्याला माफ करीन.”

मनातून मला ठाऊक होतं, तशी वेळ येणार नाही.

रविवारी सकाळी साहेबांकडे पोह्यांना माणसं यायची. त्या रविवारी व्हरांड्यात तिघं होते: साहेब, कंपनीचे डॉक्टर आणि दुसऱ्या कारखान्यातले एक इंजिनिअर, नाशिकचे. मुलगी खाली सतरंजीवर वाटी-चमचा आपटत बसली होती. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मी गाठोडं घेऊन पायऱ्या चढले.

“साहेब, एक विचारायचं होतं.”

“आता? बरं, बोल.”

“यांचे कपडे कितीही धुतले तरी धूळ राहते. बघा ना.”

मी शर्ट दोन्ही हातांनी धरला आणि जसा रोज माझ्या दारात झटकत होते तसाच झटकला. राखेचा लोट उठला. वाऱ्यानं तो बरोबर सतरंजीकडे नेला.

साहेबांच्या हातातली बशी फुटली. एवढ्या चपळाईनं उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलीला उचललं, तिचं तोंड स्वतःच्या छातीत दाबलं आणि आत धावले. “पाणी! हात धू तिचे! तोंड धू! काही गिळू देऊ नकोस!” असे ओरडत होते, आवाज फाटला होता. मुलगी घाबरून किंचाळत होती. डॉक्टरांनी आधी पोह्यांच्या बशीवर पंजा झाकला. मग बशी सोडून पायऱ्या उतरून थेट फाटकापाशी गेले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

नाशिकचे इंजिनिअर तेवढे जागच्या जागी होते. ते गोंधळून म्हणाले, “अहो, काय झालं? धूळच आहे ना?”

“हो ना साहेब,” मी म्हटलं. “धूळच आहे. अंघोळ केली की जाते.”

साहेब आतून परत आले. शर्ट ओला, डोळे लाल. “अक्कल आहे का तुला? लहान मूल आहे इथे!”

“माझ्याकडे पण आहे, साहेब.”

“तुला कळतं का, हे काय आहे?”

“तुम्हीच सांगा. मोठ्यानं सांगा. यांना पण ऐकू दे.”

 मी शर्टाच्या खिशातली चिमूट काढली आणि सगळ्यांच्या देखत दातांवर घासली. “राख आहे. माझ्या चुलीची. याच राखेनं मी रोज दात घासते. तुमच्या लेकराला काही होणार नाही. माझ्या लेकराच्या डोक्यात मात्र खरी धूळ गेली. आणि ती धूळ घरी न्यायची नसते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” मग मी फाटकाकडे तोंड केलं. “आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही का पळालात? तुम्ही तर घेत नाही ना?”

वहिनीही त्यांच्या मागोमाग दारात आल्या होत्या. मुलगी त्यांच्या कडेवर हुंदके देत होती. त्या नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणून तुमचे कपडे घरी येत नाहीत?”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी गाठोडं उचललं आणि पायऱ्या उतरले. रस्त्याला लागल्यावर मला हसू आलं. लेक घरी खिळल्यासारखी पडली होती, नवऱ्याचा हात लोंबत होता आणि मी हसत चालले होते. एखादा येणारा-जाणारा वेडी समजला असेल. समजू दे. साहेबांचा तो फाटलेला आवाज माझ्या कानात गोड वाजत होता. अजूनही कधीकधी आठवला की वाजतो.

माझं काम अर्थातच गेलं. दुसऱ्या दिवशी यांनाही फाटकावरच अडवलं. हात चालत नाही, आता उपयोग नाही, असं वॉचमननं सांगितलं. पण तोवर अक्कानं ती गोष्ट चाळीतल्या दर खोलीत नेली होती. आधी बायकांचा विश्वास बसला नाही. मग एकीनं आपल्या नवऱ्याचा ओठ वर करून पाहिला. मग दुसरीनं. त्या संध्याकाळी चाळीत कपडे झटकल्याचा आवाज आला नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बायकांनी कामाचे कपडे धुतलेच नाहीत. भरतील तसे पोत्यात कोंबून तोंडं शिवली. मग एका सकाळी आम्ही सगळ्या तोंडाला पदर बांधून निघालो आणि ती पोती ऑफिसच्या दारापुढे रचली. या खेपेला खरी धूळ होती. पलीकडच्या अथाल गावातल्या कामगारांच्या बायकाही आल्या होत्या, त्यांना कुणी बोलावलं तेही ठाऊक नाही. अक्का पोत्यावर हात ठेवून ऑफिसातल्या बाबूला म्हणाली, “तुमचा माल हाय. तुमच्याच हितं धुवा.”

ऑफिसातल्या कुणालाही ती पोती ओलांडून आत जायचं धाडस होईना. मुंबईहून शेठची गाडी आली, ती लांबच थांबली. काच बोटभरच खाली झाली. साहेब त्या खिडकीपाशी वाकून बराच वेळ बोलत होते. माणूस इतका वाकलेला बघून मला बरं वाटलं. थोड्या दिवसांत कारखान्यात नळ आले, अंघोळीची जागा आली, कपडे तिथंच धुवायची सोय झाली. नवे डॉक्टर आले. आणि शेठनं सगळं साहेबांच्या माथी मारून त्यांना काढून टाकलं. वहिनी त्याआधीच मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या.

मला वाटलं होतं, एवढ्यानं माझं पोट भरेल. भरलं नाही. शेठ मुंबईत सुखरूप होता. मी कामगार खात्याच्या दारात इतक्या वेळा बसले की तिथला शिपाई मला बघून स्वतःच बाकडं सरकवायचा. तपासायला माणसं आली की भट्टी नेमकी बंद असायची. मग एका उन्हाळ्यात भट्टीच उचलून कुठेतरी लांब नेली. कुठे ते कळलं नाही. त्या शेडवर प्लॅस्टिकच्या पिंपांची पाटी लागली. तिकडे, जिथे ती भट्टी गेली, तिथेही कुणी बाई दारात शर्ट झटकत असेल. तिला सांगायला जाता आलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

यांचा उजवा हात पुष्कळ सुधारला, डावा तेवढा नाही. आम्ही बाजारात भाजीचं दुकान टाकलं. तराजू मी धरायची. लेक वाचली. पुन्हा चालली, पुन्हा बोलली, पण सगळं सावकाश. तिच्या वयाची पोरं मोठ्या वर्गांत गेली, ती खालच्याच वर्गात राहिली. गोड पोरगी. कुणी बोललं तर त्याच्या तोंडाकडे बघत राहते, शब्द एकेक उचलून घेते आणि मग स्वतःचे एकेक मांडते. मधे कुणी तोडलं तर पहिल्यापासून सुरू करते.

ती बारा-तेरा वर्षांची असताना, नव्वद सालानंतरची गोष्ट, आम्ही गावी निघालो होतो. वापी स्टेशनवर फलाटावर बसलो होतो. हे पाणी भरायला गेले होते. समोरून एक माणूस आला, केस पांढरे, हातात बॅग. आधी ओळखू आला नाही. मग तो माझ्यापुढे उभा राहिला आणि बॅग खाली ठेवली.

“ओळखलंत का?” साहेब म्हणाले.

“ओळखलं.”

मला आधी ‘तू’ म्हणणारे ‘तुम्ही’ म्हणत होते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, “इतकी वर्षं मनात होतं. मी चुकलो. त्या वेळी नोकरी होती, शेठचा दबाव होता... तुम्ही मोठ्या मनानं मला माफ करा.”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांना ते अपेक्षित नसावं. लोक माफी मागतात तेव्हा ती मिळेल असं धरूनच चालतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मुंबईकडच्या गाडीचा पुकारा झाला होता आणि ती फलाटात शिरत होती. ते बॅग उचलत म्हणाले, “मुलगी कशी आहे?”

“ही काय. तिलाच विचारा.” मी लेकीला पुढे केलं. “बाळा, या काकांना सांग, तू दिवसभर काय काय करतेस.”

लेक खूश झाली. तिला कुणी असं विचारत नसे. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. मी सकाळी उठते. मग... मग मी दात घासते. मग मी... मग मी वेणी घालते. आई घालते. साहेब “छान, छान” म्हणाले. मधे तोडल्यामुळे ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मी सकाळी उठते. साहेबांची नजर गाडीकडे गेली.

“तिचं होऊ द्या,” मी म्हटलं. “तुम्हीच विचारलंत.”

ते थांबले. बॅग हातात तशीच. लेक शाळेपर्यंत पोचली, बाई कोण आहेत ते सांगितलं, डब्यात काय असतं ते सांगितलं. एक शब्द अडला तर ती ओठ मिटून शोधत राहिली आणि आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. शिट्टी झाली. डबे हलले. साहेबांनी एक पाऊल उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. ते पाऊल त्यांनी परत जागेवर ठेवलं. गाडी आमच्या मागून पूर्ण निघून गेली आणि फलाट मोकळा झाला, तेव्हा लेक संध्याकाळच्या वरणभातापाशी आली होती.

“आणि मग मी झोपते,” ती म्हणाली. तिनं मोकळ्या रुळांकडे पाहिलं, मग त्यांच्या बॅगेकडे. बराच विचार करून तिनं विचारलं, “काका, तुमची गाडी गेली?”

साहेबांनी मान डोलावली.  हे पाण्याची बाटली घेऊन परत येत होते, म्हणून मी लेकीला जवळ घेतलं आणि जेवणाचा डबा उघडला.